जामीन राहिल्याबद्दल फाशी?

बेळगावच्या दिवाणी कोर्टात वकिली करायची म्हणजे घाबरलेले पक्षकार रोजचेच. पण खानापूरकडून आलेल्या त्या काकांच्या तोंडून शब्दच फुटेना. सोबत नातू, इंग्रजी शाळेतला. नोटीस कन्नडमध्ये; पोराला शाळेपुरतं कन्नड येतं, पण कोर्टाचं कन्नड कुणाला कळतंय! वरती तेवढं इंग्रजीत ‘एक्झिक्युशन पिटिशन’. त्यानं मोबाइलवर अर्थ शोधला, तर पहिलाच निघाला देहदंड.

“वकीलसाहेब, जामीन राहिल्याबद्दल फाशी देत्यात काय ओ?”

मी हसू दाबलं. हिंडलग्याचा तुरुंग इथून जवळच, आणि तिथल्या फाशीची गोष्ट इकडं पोरासोरांनाही ठाऊक.

प्रकरण साधं होतं. भावकीतल्या एकाच्या कर्जाला काका जामीन. त्यानं थकवलं, हुकूमनामा झाला, आता वसुलीची दरखास्त, तीच ती ‘एक्झिक्युशन पिटिशन’. १९५६ पर्यंत आम्ही मुंबई राज्यात होतो, त्या वळणाची माणसं अजून दरखास्तच म्हणतात. कन्नड कागदात ती अमलजारी.

इंग्रजी मात्र एकाच शब्दाला सगळीकडे राबवते. खरेदीपत्रावर सही करून दिली, दस्त एक्झिक्यूट झाला. मृत्युपत्राप्रमाणे वाटण्या करून देणारा एक्झिक्युटर. लॅटिन मुळात अर्थ शेवटपर्यंत पाठपुरावा करणं, तडीस नेणं. शिक्षाही तडीस न्यायची असतेच. पुढं ते क्रियापद शिक्षेवरून थेट माणसावर आलं. नातू मन लावून ऐकत होता, मलाही चेव आला होता.

“शाळा मागनं घ्या. बैल नेत्यात काय ते सांगा,” काका म्हणाले.

नाही नेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याची अवजारं, शेतीला लागणारी जनावरं आणि बियाणं जप्त होत नाही. ऐपत असून पैसे चुकवणाऱ्याला दिवाणी तुरुंग आहे, तोही फार तर ३ महिने. निव्वळ गरिबीपायी आत घालत नाहीत. पण ‘आधी कर्जदाराला धरा’ म्हणून जामीनदाराला सुटता येत नाही. हे मात्र दोनदा सांगावं लागलं. सही करताना ते कुणी सांगत नाही.

“मी भरलं तर त्याच्याकडनं वसूल करता येतंय?”

“येतंय की. आधी दावा, मग दरखास्त.”

काकांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. “मग घाला दावा. आणि दरखास्तीचं वरचं तेवढं इंग्रजीतच ठेवा. त्याचा नातूबी इंग्रजी शाळेतच हाय.”