बारामती ते सोलापूर, नजरेच्या भरवशावर

विमानाने जमिनीवरच्या खुणा पाहत जायचे, तर बारामती ते सोलापूर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे 85 नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर) आहे. 90 नॉटच्या, म्हणजे ताशी 90 नॉटिकल मैलांच्या, वेगाने ते वाऱ्याविना 57 मिनिटांत कापता येते. मात्र समोरून 20 नॉटचा वारा असेल, तर 73 मिनिटे लागतात, आणि इंधनाचा हिशेब याच आकड्यावर करावा. डावीकडे उजनीचे धरण दिसते, पुढे भीमा ओलांडली जाते. गावांवर माझा फारसा विश्वास नाही, कारण वरून ती सारखीच दिसतात. नदीचे वळण मात्र नकाशाशी तंतोतंत जुळते. 30 मैलांनंतर विमान रेषेपासून 2 मैल सरकलेले आढळले, तर दिशेची चूक 4 अंशांची समजावी. तेवढीच दिशा बदलल्यास मार्ग रेषेला फक्त समांतर होतो. रेषेवर परतण्यासाठी आणखी वळावे लागते.