साखरेची १२३ नंबर

बाबांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस जुलैत होता. केक मी करणार आणि त्यावर डबल डेकर असणार, हे मी फोनवरच जाहीर करून टाकलं होतं. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. मरीन ड्राइव्हवरून जाणाऱ्या १२३ नंबरवर त्यांनी बरीच वर्षं काढली, त्यातली निम्मी वरच्या मजल्यावर. (डबल डेकरला दोन कंडक्टर लागायचे, एक खाली, एक वर. आमच्या घरात ‘वरचा कंडक्टर’ ही जवळजवळ पदवीच होती.) १९३७ साली मुंबईत आलेली ती जुनी बस १५ सप्टेंबर २०२३ला कायमची थांबली. त्या दिवशी बाबा फोनवर नेहमीपेक्षा कमी बोलले होते. आता नव्या, एसीवाल्या, विजेवर चालणाऱ्या डबल डेकर आहेत, पण त्या बाबांच्या हिशेबात धरल्या जात नाहीत.

“अगं, पावसाळ्यात कशाला तो उपद्व्याप? दुकानातून आणू,” आई म्हणाली. मी हसले. दहा वर्षं इथे कॅलगरीत फोंडंटचे केक करतेय. डायनासोर केलेत, हॉकीचे बूट केलेत, मंडळाच्या गणपतीला मोदकांचं अख्खं ताट केलंय. एक बस ती काय!

ज्यांना फोंडंट नावाने माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केकवर इस्त्री केल्यासारखं जे गुळगुळीत पांघरूण असतं आणि पोरं जे सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात, ते. पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, थोडं ग्लिसरीन, थोडं वनस्पती तूप, आणि बांधून ठेवायला जिलेटिन. शाकाहारी हवं असेल तर त्याऐवजी डिंकाच्या जातीचं काहीतरी. कणकेसारखं मळायचं, तीन-चार मिलिमीटर जाड लाटायचं, लाटण्यावर गुंडाळून उचलायचं आणि केकवर अलगद सोडायचं. पिठीऐवजी कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, एवढाच काय तो फरक. पुरणपोळी येणाऱ्या बाईला हे पहिल्या दिवशी जमतं. इथल्या माझ्या मैत्रिणी ते लाटण्यावरून उचलायला घाबरतात तेव्हा मला उगाचच अभिमान वाटतो. नाव फ्रेंच आहे, ‘वितळणे’ या क्रियापदावरून आलेलं. हे मला ठाऊक होतं. मनावर घेतलं नव्हतं.

कारण कॅलगरीत काही वितळत नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंचावर आहे, पाणी ९६-९७ अंशांनाच उकळतं, केक फसफसून वर येतो आणि मधेच बसतो, म्हणून बेकिंग पावडर कमी घालावी लागते. हिवाळ्यात हीटिंग चालू असलं की घरातली हवा पापड वाळवण्याच्या लायकीची. इथलं दुखणं उलटं आहे: फोंडंट लाटेपर्यंत कडा फाटतात, वरती बारीक सुरकुत्या पडतात. इथे त्याला ‘हत्तीची कातडी’ म्हणतात. तळव्याला वनस्पती तूप लावून चोळत बसायचं. पण फोंडंटमध्ये सीएमसी पावडर (फोंडंट कडक करणारी, डिंकासारखी पूड) मळून बसची एखादी भिंत कापून ठेवली, तर सकाळी ती फरशीच्या तुकड्यासारखी खडखडीत. चार भिंती उभ्या करायच्या, वर छप्पर ठेवायचं, झाली बस. माझं सगळं कसब त्या सकाळच्या भरवशावर होतं.

मुंबईत उतरले तेव्हा धो धो पाऊस. दुसऱ्या दिवशी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. त्या भागात केकच्या सामानाची दुकानं आता इतकी झाली आहेत की कॅलगरीत मला जे ऑनलाइन मागवावं लागतं ते तिथे पायऱ्यांवर पडलेलं असतं. हिरव्या ठिपक्याचं, जिलेटिन नसलेलं पांढरं फोंडंट घेतलं. दुकानदाराने विचारलं काय करणार, मी सांगितलं लाल बस. तो म्हणाला, “मॅडम, लाल तयार लो. और बारिश में सीएमसी डबल डालो.” मी म्हटलं, नको, रंग मी स्वतः करते. आवाजात परदेश होता, हे आता आठवून कान गरम होतात.

पांढऱ्या फोंडंटचा लाल रंग सहजी होत नाही. आधी गुलाबी होतो, मग पिकल्या पेरूच्या आतला होतो, आणि तिथेच अडतो. शहाणी माणसं तो झाकून रात्रभर ठेवतात, रंग आपोआप गडद होतो. मी आणखी जेल रंग ओतला. या जेलमध्येही ग्लिसरीनसारखे, हवेतलं पाणी ओढून घेणारे पदार्थ असतात. परळच्या त्या हवेत, जिथे सुपारीसुद्धा मऊ पडते, माझा गोळा हाताला चिकटायला लागला. कॉर्नफ्लोअर घातलं तर पुन्हा पेरू. तरी सीएमसी घालून भिंती कापल्या, प्लॅस्टिकच्या ताटात ठेवल्या आणि झोपले. सकाळी उठून पाहते तर भिंती नव्हत्या, ओली चामड्याची पट्टी होती. उचलली की मान टाकायची. बाबा चष्मा लावून म्हणाले, “ही बस दादरच्या टीटीपर्यंतसुद्धा जायची नाही.”

दुपारी गिरगावातून मावशी आली. मावशी संक्रांतीला हलव्याचे दागिने करते. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक नव्या सुनेने आणि बोरन्हाणाच्या प्रत्येक पोराने तिचे हार घातलेत. शेगडीवर परात, परातीत खसखस, आणि चमचा चमचा पाक घालत तासन् तास हलकी बोटं फिरवायची, तेव्हा कुठे त्यावर काटा येतो. लहानपणी मी तिच्या शेजारी बसून चटके खाल्लेत. तिने टेबलावरचा पसारा पाहिला आणि विचारलं, “जुलैत हलवा करायला बसलीस की काय?”

“मावशी, हा हलवा नाही, फोंडंट आहे.”

“साखरच ना? मग पाणी दिसलं की पिणार. मी हे डिसेंबर-जानेवारीशिवाय करते का कधी?”

खरं सांगायचं तर मला राग आला. हे मला पुस्तकी भाषेत पाठ होतं. साखर आर्द्रता शोषते, हे मी इथल्या वर्गात इतरांना शिकवलंय. पण जिथे जन्मले तिथल्या हवेचा हिशेब करायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. माझ्या हाताने कॅलगरीची हवा गृहीत धरली होती.

मग मावशीने सूत्रं घेतली. भावाला पिटाळून तयार लाल फोंडंट आणवलं. प्लॅस्टिकचं ताट बाजूला केलं, मैद्याची चाळण उपडी घालून वर कागद पसरला, म्हणजे खालूनही वारा लागेल. बेडरूमच्या एसीला ‘ड्राय’ नावाचं बटण असतं, ते आईबाबांनी चार वर्षांत दाबलं नव्हतं, ते दाबलं. दार बंद. “आणि दर दहा मिनिटांनी बोट लावून बघू नकोस. हलव्यालाही तेच आवडत नाही.” आईबाबा दोन रात्री हॉलमध्ये झोपले, बेडरूममध्ये बसचे सुटे भाग.

दोन रात्रींनंतरही भिंती एकट्या उभ्या राहतील इतक्या कडक झाल्या नाहीत. कॅलगरीत अशा वेळी आतला सांगाडा मार्शमॅलोत कुरकुरीत भाताचं सिरिअल दाबून करतात, पण मार्शमॅलोत जिलेटिन. आई म्हणाली, “मग कुरमुऱ्याचा लाडू कर की चौकोनी.” गुळाचा जरा कडक पाक, त्यात कुरमुरे, तूप लावलेल्या ब्रेडच्या टिनमध्ये दाबून बसवलं. गार झाल्यावर सुरीने तासलं, त्यावर गनाशचा, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेल्या चॉकलेटचा, पातळ हात आणि मग लाल भिंती चिकटवल्या. वीतभर लांब, दोन मजली, ठोस. सिरिअलपेक्षा हे कितीतरी चांगलं कापलं जातं. आता कॅलगरीतही मी हेच करणार आहे.

खालचा केक मावशीच्या चातुर्मासामुळे बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्कवाला. त्यावर क्रीम नाही, गनाशच. मुंबईत अमूलचं क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं मिळतं, इथलं ३३-३५चं असतं, त्यामुळे डार्क चॉकलेट दुपटीऐवजी अडीचपट घेतलं. फोंडंटखाली फेटलेलं क्रीम घालून पावसाळ्यात केक करायचा कुणाचा विचार असेल तर करू नका, एवढंच सांगते.

खिडक्या लावल्या, पुढच्या पाटीवर मराठी आकड्यांत १२३ लिहिलं, आणि बाबांना बोलावलं. ते बसभोवती एक फेरी मारून आले.

“दार कुठेय?”

“हे काय, मागे.”

“हे उजवीकडे आहे. माणसं काय रस्त्याच्या मधोमध उतरवायची?”

मी बघतच राहिले. दहा वर्षं उजवीकडून गाडी चालवून माझ्या बोटांनी दार आपोआप तिकडे कापलं होतं. लहानपणी ज्या दारातून हजार वेळा चढले-उतरले ते दार. बाबा काही बोलले नाहीत, फक्त डाव्या बाजूवर बोट ठेवलं. मी नवी पट्टी कापली, ओला ब्रश फिरवला, उजवीकडचं दार खिडकीखाली बुजवून टाकलं. नीट पाहिलं तर व्रण दिसतो.

सोसायटीच्या हॉलमध्ये एसी नाही. केक लिफ्टने खाली नेला तेव्हा छान कोरडा होता. अर्ध्या तासात बसवर बारीक थेंब जमले आणि ती भर पावसात भिजल्यासारखी चमकायला लागली. काकू म्हणाल्या, “बाई गं, पाऊससुद्धा दाखवलास?” मी हो म्हटलं. मावशीने माझ्याकडे पाहून भुवई उडवली, पण गप्प राहिली.

केक कापला. सगळ्यांनी फोंडंट सोलून ताटलीच्या कडेला ठेवलं, हेही नेहमीसारखंच. बसला मात्र बाबांनी सुरी लावू दिली नाही. “ती डेपोत जाईल,” म्हणाले, आणि शोकेसमध्ये, माझ्या शाळेतल्या कपांशेजारी ठेवली.

परवा फोन केला तेव्हा इथे सकाळ होती, तिथे साडेअकरा तास पुढे, रात्र. बाबांनी फोन शोकेसकडे वळवला. बस जराशी डावीकडे कललीय, जुन्या डबल डेकर वळणावर कलायच्या तशी. मी म्हटलं, बाबा, टाकून द्या आता, मुंग्या लागतील.

“लागल्यात,” बाबा म्हणाले. “वरचा मजला फुल्ल आहे. सगळ्या विनातिकीट.”