सात कुर्ते आणि एक दोरी

"काऊन वो, तुयाजवळ दुसरे कपडे नाहीत का?" शेजारच्या काकूंनी परवा गेटाशी उभं राहून विचारलं. ऑफिसातल्या मुली तेच जरा गोड करून विचारतात: "मॅडम, तुमचं कॅप्सूल वॉर्डरोब आहे ना? त्यात नेमके किती कपडे ठेवायचे?" इतक्या वेळा विचारून झालंय की एकदाच सविस्तर सांगून टाकते.

माझ्याकडे रोजचे कुर्ते सात आहेत. सातच का, हे मला गच्चीवरच्या दोरीने सांगितलं.

आधी माझी फजिती सांगते. आठेक वर्षांपूर्वी मी पण मोबाइलवर याद्या वाचल्या होत्या. कॅप्सूल वॉर्डरोबची ही कल्पना गाजली ती लंडनमधून. तिथे सुझी फॉ नावाच्या बाईंनी सत्तरच्या दशकात कपड्यांचं दुकान काढलं आणि मोजके, चांगले, एकमेकांवर चालतील असे कपडे घ्या म्हणून सांगायला सुरुवात केली. पुढे 1985 साली अमेरिकेत डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच आणला आणि ही गोष्ट सगळीकडे पोचली. कल्पना उत्तमच आहे. पण त्यातून निघालेल्या याद्यांमध्ये पांढरा शर्ट, काळी पँट, ब्लेझर आणि ट्रेंच कोट असतो. ट्रेंच कोट! मे महिन्यात, नागपुरात!

कोट मी सोडला, पण पांढरा शर्ट आणि काळी पँट घेतली. दोन्ही पॉलिस्टरचे, कारण इस्त्री लागणार नव्हती. पहिल्याच दिवशी दुपारी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, गाडीने घरी आले. डोक्याला आणि तोंडाला नेहमीसारखा दुपट्टा गुंडाळलेला, नवाकोरा, लाल. घरी येऊन तो सोडला तर शर्टाच्या कॉलरवर गुलाबी अर्धवर्तुळ. घामाने दुपट्ट्याचा रंग सुटला होता, मानेवर तर कुंकू सांडल्यासारखा. पँटचं सांगतच नाही. उन्हात तापलेल्या सीटवर काळ्या पॉलिस्टरमध्ये बसून बघा एकदा.

तेव्हा कळलं की आपल्याकडे यादीची सुरुवात शर्टापासून होत नाही, दुपट्ट्यापासून होते. मार्च ते जून तो रोज अंगावर असतो, कुर्ता कुठलाही असो. म्हणून मी आधी दुपट्टे ठरवले: एक निळा, एक मळकट पांढरा, दोन्ही सुती, चांगले अडीच मीटर लांब. आखूड स्टोल डोक्यावरून तोंडाला गुंडाळून मागे गाठ मारेपर्यंत संपतो. रंग जातो का ते बघायला दुपट्ट्याचा एक कोपरा ओला करायचा आणि जुन्या पांढऱ्या रुमालात घट्ट पिळायचा. रुमालावर डाग आला तर तो दुपट्टा पांढऱ्याच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. मग कुर्ते घेतले ते या दोघांवर चालतील असेच. त्यामुळे माझ्याकडे निळा, राखाडी, मोरपंखी, गेरू असलेच रंग दिसतील. आबोली मला फार आवडतो, पण तो दोन्हींवर चालत नाही. आबोली साडीत ठेवलाय.

आता दोरीचं. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, सकाळी नऊला वाळत घातलेला सुती कुर्ता दहाला पापडासारखा कडक होतो. तेव्हा तीन कुर्ते असले तरी दिवसाला दोन बदलता येतात, आणि बदलावेच लागतात. ऑफिसातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कोण बसतं? खरी परीक्षा श्रावणात. गच्चीवरची दोरी निकामी, कपडे पॅसेजमध्ये पंख्याखाली. अशा वेळी जाड सुती कुर्ता वाळायला तीन दिवस घेतो. एक दिवस अंगावर, दुसऱ्या दिवशी धुणं, मग तीन दिवस दोरीवर. म्हणजे पाच कुर्ते तर फिरण्यातच गेले. एक डाग पडला किंवा उसवला म्हणून राखीव, आणि एक अचानक कुठे जायचं झालं तर. झाले सात. तुमच्या घरी ड्रायर असेल तर पाचात भागेल, रोज प्रवास असेल तर नऊ लागतील. आकडा माझा घेऊ नका, हिशोब घ्या.

सलवारचं गणित वेगळं. कापड वाळतं, नेफा वाळत नाही. वरून हात लावला की वाटतं कोरडी झाली, घातली की अर्ध्या तासात कमरेला गार लागतं आणि दुपारपर्यंत कुबट वास. म्हणून पावसाळ्यात मी जाड सुती सलवारी बांधून ठेवते आणि थोडं सिंथेटिक मिसळलेल्या पातळ पँट घालते. सुती म्हणजे सगळं चांगलं असं मानणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये माझ्याकडे येऊन नेफा हुंगावा.

कापड मी गांधीबागेतून मीटरवर घेते आणि शिवून घेते. तयार कुर्ता स्वस्त पडतो, पण खिसा नसतो आणि आत माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, नसते. टेलरकाका आता न सांगताच दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडतात. वजन वर-खाली झालं तरी कुर्ता टिकतो. माझा गेरू कुर्ता दोनदा सैल केलाय आणि एकदा, अभिमानाने सांगते, घट्टही. शिवायच्या आधी कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात. आटायचं ते तिथेच आटू दे.

थंडीचं फार सांगण्यासारखं नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेवढ्यापुरते दोन स्वेटर आणि एक शाल. एक पातळ सुती जॅकेट मात्र बारा महिने पर्समध्ये असतं. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी आमच्या ऑफिसात एसीपुढे दात वाजतात.

लग्नांसाठी साड्या चार: आईची एक, करवतकाठी टसर एक, नागपुरी सुती एक आणि ती आबोली. "त्याच त्या साड्या फोटोत येतात" अशी नणंदेची तक्रार असते. त्यावर मी आणि जाऊबाई अदलाबदल करतो. तिच्याकडेही चारच आहेत, पण दोघींच्या मिळून आठ होतात आणि नणंदेला अजून कळलेलं नाही. कळेल आता.

हे सगळं मी शोधून काढलं असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग एकदा आजोबांचा विषय निघाला. ते एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या मिलमध्ये. दिवसभर डोळ्यांसमोर थानच्या थान कापड निघायचं. घरी त्यांच्या किती जोड्या होत्या, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "तीन. एक अंगावर, एक दोरीवर, एक पेटीत."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात ओली घालून जायचे."

माझा सातवा कुर्ता सध्या रफूला गेलाय, आणि आज तिसरा दिवस सारखा पाऊस आहे. सकाळी मोरपंखी कुर्त्याची काख चाचपून पाहिली. ओली होती. राखीव काढला.