मार्चमधली पावडर आणि जुलैमधले पाणी

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वसलेल्या आमच्या गावात काही वर्षांपूर्वी जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गॅस्ट्रोची लागण झाली आणि तीन दिवसांत आमच्या एका वस्तीतली नऊ माणसे आजारी पडली. त्यांत सत्तरी ओलांडलेली माझी आईही होती. विहिरीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर रोज टाकली जात होती. ती टाकणारा जलसुरक्षक प्रामाणिक माणूस आहे आणि हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण त्याने कधी चुकवले नव्हते. तरीही पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे रंगावरून दाखवणारी ओ.टी. चाचणी आरोग्यसेवकाने घेतली तेव्हा नळाच्या पाण्याला पिवळा रंग चढला नाही. चौकशी केल्यावर समजले की वर्षभराचा निधी मार्चअखेर एकदम हाती आल्यामुळे पावडरीची सगळी पोती तेव्हाच खरेदी झाली होती आणि पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडून होती. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ऊन आणि दमट हवा लागली की तो उडून जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली उतरलेली पावडर पाण्यासाठी वापरू नये असे आहे. आमच्या पोत्यांत जुलैपर्यंत जवळजवळ नुसता चुना उरला होता.

त्या वर्षी पावडरीवर खर्च झालेला पैसा कागदोपत्री अगदी बरोबर होता. त्याच रकमेची खरेदी दर तीन महिन्यांनी झाली असती, तर आईला सलाईन लावण्याची वेळ बहुधा आली नसती. तेव्हापासून मला पक्के वाटत आले आहे की आरोग्यासाठी निधी किती मंजूर झाला या प्रश्नाइतकाच तो बारा महिने नेमाने येतो की नाही हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आपण विचारला पाहिजे.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कामाकडे पाहिले तर त्यातले बहुतेक काम रोजचे, न संपणारे असते. लस २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते, म्हणजे वीज गेली की जनरेटरला डिझेल लागते, आणि ते डिझेल त्याच दिवशी लागते. साप चावलेला माणूस अनुदान येण्याची वाट पाहू शकत नाही. रक्तदाबाची गोळी महिनाभर मिळून पुढचे दोन महिने मिळाली नाही, तर त्या उपचाराला फारसा अर्थ उरत नाही. तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र हे प्रमाण ठरलेले आहे, इमारतीही अनेक ठिकाणी उभ्या आहेत. परंतु तिथली परिचारिका अकरा महिन्यांच्या करारावर असेल आणि आशाताईंना मोबदल्यासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर जावे लागत असेल, तर इमारतीच्या रंगरंगोटीने गावाचे आरोग्य राखले जात नाही. इमारतीचे उद्घाटन एकदा होते. पगार आणि औषध दर महिन्याला लागते.

आमच्या बीड जिल्ह्यात याची किंमत सर्वांत जास्त ऊसतोड करणाऱ्या बायकांनी मोजली आहे. दसरा झाला की कोयता घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि पाच-सहा महिने पालांत राहतात. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींवर गावाजवळच वेळेवर तपासणी आणि साधे औषध मिळाले असते, तर यांतल्या कितीतरी शस्त्रक्रियांची गरज पडली नसती, असे माझे ठाम मत आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते, तिथले बिल भागवायला मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेते आणि ती फेडण्यासाठी पुढच्या हंगामात पोटावरची जखम पुरती भरण्याआधी मोळी उचलते. शेजारच्या दोन घरांत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये असे ठरवले होते की आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत न्यायचा आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पातला आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्याला द्यायचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये हा सरकारी खर्च १.८४ टक्के होता, आणि देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली होती. म्हणून पैसा आणायचा कुठून असे कोणी विचारले, तर मी सांगतो की पैसा आपण आजही भरतोच आहोत. फक्त तो पीककर्जातून, गहाण टाकलेल्या मंगळसूत्रातून आणि मुकादमाच्या उचलीतून जातो, आणि तोही आजार बळावल्यानंतर. याच न्यायाने पाणीपट्टी थकवणे ही आपल्या बाजूची चूक आहे, हेही मान्य केले पाहिजे. माझ्या घरची दोन वर्षांची थकबाकी मी त्या साथीनंतर भरली.

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने हे पंचायतींकडे सोपवता येणारे विषय म्हणून नोंदवलेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न विधानसभेइतकाच जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या मताचा आहे. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपल्यानंतर आमच्याकडे दीर्घ काळ प्रशासकच कारभार पाहत होते आणि जाब विचारायला निवडून आलेला सदस्यच नव्हता. आता मत मागायला जो दारात येईल त्याला मी विचारणार आहे की आपल्या केंद्रातली रिक्त पदे कायमस्वरूपी केव्हा भरली जातील, औषधांची रक्कम दर तिमाहीला येण्यासाठी तुम्ही काय कराल, आणि मागच्या वर्षी आलेल्या निधीपैकी किती मार्चमध्ये खर्ची पडला.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीसाठी वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणारा निधी ठरवलेला आहे. आमच्या गावात किती जणांना हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे. येत्या ग्रामसभेत मी त्या खात्याचे पासबुक वाचून दाखवण्याची विनंती करणार आहे आणि त्यासोबत एक ठराव मांडणार आहे: टीसीएलची खरेदी वर्षातून चार वेळा व्हावी, पोती कोरड्या आणि सावलीच्या खोलीत ठेवावीत, आणि प्रत्येक पोत्यावर खरेदीची तारीख लिहिलेली असावी. अनुमोदन द्यायला शेजारच्या दोन घरांतल्या बायका तयार आहेत.