आमची वाटचाल : स्टेनलेस विकतो, पण सगळ्यांना नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी दुकान थाटलं तेव्हा माल साधा होता. एमएसचे, म्हणजे साध्या पोलादाचे, काळे नाहीतर झिंक चढवलेले नट-बोल्ट, आणि फाउंड्रीवाल्यांसाठी ८.८ ग्रेडचे हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारे. विक्री वजनावर. गिऱ्हाइकानं साइज सांगायची, आम्ही पोत्यातून काढून काट्यावर ओतायचं. बोल्ट कुठे लागणार, हे विचारायची पद्धतच नव्हती.

ती पद्धत आम्हाला स्टेनलेसनं लावली.

पहिली मागणी दुधाच्या प्लांटमधून आली. तिथं कॉस्टिकनं आणि अ‍ॅसिडनं सतत धुलाई चालते, झिंकचा थर त्यापुढे टिकत नाही, आणि दुधाच्या लाइनजवळ गंज कुणाला चालणार? स्टेनलेसची नेहमीची जात म्हणजे ३०४; तिच्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे वर ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो पुन्हा धरतो. प्लेटिंग एकदा खरवडलं की संपलं. स्टेनलेसचा खरा गुण एवढाच. बाकी चकाकी म्हणजे बोनस.

मग आंबा घाट उतरून रत्नागिरीचं गिऱ्हाईक जोडलं गेलं. मिरकरवाड्याचे बोटवाले, मासळीच्या प्रक्रियेचे कारखाने. खाऱ्या हवेत ३०४ वर तपकिरी डाग येतात, पुढे बारीक खड्डे पडतात. तिथं ३१६ ही वरची जात लागते, तिच्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे. भाव ऐकून माणूस खुर्चीतून उठतो, पण बोट एकदा पाण्यात गेली की बोल्ट बदलायला पुन्हा ओढून काढावी लागते, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

इथवर सगळं गोड. आता दुसरी बाजू, कारण धंद्याचा निम्मा वेळ तिच्यातच जातो.

‘स्टेनलेस म्हणजे मजबूत’ हा समज शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत सगळीकडे आहे. डोक्यावर ‘ए२-७०’ लिहिलेला ३०४ च्या जातीचा बोल्ट ७०० मेगापास्कल ताणाला तुटतो, पण ४५० ला कायमचा ताणायला लागतो. ८.८ चा हाच आकडा ६४०. आणि ३०४ ला उष्णता देऊन कडक करता येत नाही, त्याची जातच तशी. म्हणून फाउंड्रीच्या थरथरणाऱ्या शेकआउटला (ओतीव मालाची वाळू झाडणारं मशीन) कुणी ८.८ काढून त्याच साइजचं स्टेनलेस मागितलं, की आम्ही सरळ नाही म्हणतो. मागचा कामगार कुजबुजतो, ‘मालक, महागाचा माल जातोय की!’ जाऊ दे.

साखर कारखान्याच्या वाफेच्या लाइनलाही तेच. तापल्यावर ३०४ हे साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं. एमएसच्या फ्लँजमध्ये (पाइप जोडायची कडी) स्टेनलेस बोल्ट आवळला, लाइन तापली, की पकड सैल होते आणि मधलं गॅस्केट गळायला लागतं. तिथं तापात टिकणाऱ्या पोलादाचे बी-७ चे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) आणि २-एच चे नटच पाहिजेत.

सगळ्यात जास्त फोन मात्र येतात ते जाम झालेल्या नटाचे. सोलरवाले याचे मुख्य बळी. पत्र्यावर ऊन, हातात झटक्यानं नट आवळणारी इम्पॅक्ट गन, घाई. आट्यांवर दाब आला की तो पापुद्रा घासून जातो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि दोन्ही जागच्या जागी चिकटतात. नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. जोर लावला तर बोल्ट पिळून तुटतो, नाहीतर ग्राइंडर आहेच. गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट. माल अस्सल असला तरी हे होतं. उपाय स्वस्त आहे : आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे जाम होऊ न देणारी, पेस्ट लावा, गन बाजूला ठेवून हातपान्यानं सावकाश आवळा, आटे धुळीपासून जपा. पेस्ट लावल्यावर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मात्र कमी धरावा लागतो, नाहीतर बोल्ट जास्त ताणला जातो. आता स्टेनलेसच्या प्रत्येक मोठ्या ऑर्डरबरोबर पेस्टची ट्यूब आम्हीच सुचवतो.

डुप्लिकेटचा विषय निघालाच आहे तर लोहचुंबकाबद्दल बोलतो. खिशातून चुंबक काढून काउंटरवर बोल्ट तपासणारे रोज भेटतात. चिकटला की म्हणतात लोखंड आहे. अहो, ३०४ ची तार थंडच ठोकून डोकं घडवतात, आटे दाबून पाडतात; त्या मारानं अस्सल बोल्टही थोडा चिकटतो. उलट बाजारात ३०४ म्हणून खपवलं जाणारं २०२ हे स्वस्त स्टेनलेस फारसं चिकटतच नाही. त्यात निकेल कमी, मॅंगनीज जास्त, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते रंग दाखवतं. म्हणजे चुंबक खऱ्याला खोटं ठरवतो आणि खोट्याला खरं. आम्ही प्रत्येक लॉटमधले नमुने लॅबला पाठवतो आणि टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, कुणी न मागताच बिलाला जोडतो.

भावाचं दुखणं वेगळं. मार्च २०२२ मध्ये लंडन मेटल एक्सचेंजवर निकेल टनाला १ लाख डॉलरच्या वर गेलं आणि त्यांनी व्यवहारच थांबवले. इथं कोल्हापुरात आम्हाला कोटेशन देता येईना. तेव्हापासून स्टेनलेसच्या कोटेशनवर मुदत छापतो. एमएसला अजून तोंडी भाव चालतो.

एका ऑर्डरला आम्ही ठाम नकार दिला ती हॉटेलच्या बंदिस्त तरण तलावाची होती. छत टांगायला ३०४ चे रॉड हवे होते. क्लोरीनच्या वाफेत, सतत ताणाखाली हे स्टील बाहेरून ठीक दिसत असतानाच आतून तडकत जातं. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथं असंच छत कोसळून १२ माणसं गेली. तिथं ३१६ सुद्धा भरवशाचं नाही. आर्किटेक्टला हे सांगितलं, त्यांनी डिझाइन बदलून घेतलं, आणि तो माल दुसरीकडून गेला.

सध्या दुकानात निम्मी जागा स्टेनलेसची, निम्मी एमएस आणि हाय टेन्साइलची. मागच्या शेडमध्ये दोन लेथ आहेत, त्यावर वेगळ्या मापाचे स्टड करून देतो. स्टेनलेसचा लेथ वेगळा ठेवलाय, कारण एमएसचा कीस त्यावर बसला की चांगल्या मालालाही गंज धरतो. धातू जागेवर ओळखणारी एक्सआरएफ गन घ्यायचा विचार आहे. किंमत बघून सध्या तरी लॅबच परवडते. ऑर्डर देताना साइजच्या आधी जागा सांगा : पाणी कसलं, ताप किती, समोरचा धातू कोणता.