माडी घासायला काढली

नाशकात कुणालाही सांगा की आमच्या माडीला लाकडाची जमीन आहे, समोरचा पहिलं वाक्य हेच टाकतो, अरे मग टाईल्स बसवून घ्या ना एकदाच्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांत खाली शहाबादी आणि वर सागवानी फळ्या हे इतकं नेहमीचं होतं की त्याच्याकडे कुणाचं लक्षही जायचं नाही. आणि बरोबरच आहे, गोदावरी चढली की काठची घरं पाण्यात, 2008 ला बघितलं, 2016 ला बघितलं, 2019 ला परत (पुराचं माप आम्हाला अजून दुतोंड्या मारुतीच्या अंगावरच कळतं, कमरेला लागलं का छातीला), शिवाय जमिनीलगत वाळवी, तर तळमजल्याला लाकूड लावणार कोण. वरचं लाकूड मात्र टिकलं. त्यावर सिमेंट वाळू टाकून टाईल्सचं ओझं त्या जुन्या तुळयांच्या डोक्यावर द्यायचं हे मला तरी पटत नाही, म्हणून यंदा शिमगा झाल्यावर माडी घासायला काढली. पावसाळ्यात हे काम घेऊच नये, हवेतल्या ओलीने पॉलिश पांढरं पडतं, आणि ऐन थंडीत ते लवकर वाळत नाही.

परदेशातल्या व्हिडिओत उभ्याने ढकलायचं मोठं ड्रमवालं मशीन असतं आणि माणूस कॉफी पीत पीत हॉल संपवतो. आपल्याकडे मिस्त्रीचं हातातलं बेल्ट सँडर, म्हणजे काचपेपरचा पट्टा फिरवणारं मशीन, आणि गुडघे. मिस्त्रीला खरं तर ग्राइंडरलाच काचपेपरची चकती लावायची होती, पटकन होईल म्हणून, पण त्याने लाकडावर अर्धगोल ओरखडे उठतात आणि ते पॉलिशचा हात मारल्यावरच दिसतात, तेव्हा काही करता येत नाही. त्यावर थोडी वादावादी झाली, मग चहा झाला, मग ग्राइंडर पिशवीत गेला.

सगळ्यात आधी खिळे. फळ्या वरूनच खिळ्यांनी ठोकलेल्या, ते एकेक आत बसवायचे, नाहीतर बेल्ट टराटरा फाटतो. मग 40 नंबरचा खरबरीत काचपेपर, मग बारीक होत 60, 80, शेवटी 120, आणि कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. मधला नंबर गाळायचा मोह प्रत्येकाला होतो, पण 40 चे ओरखडे 120 ने जात नाहीत, नुसते चकचकीत होतात. पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा मारून ठेवायच्या, त्या पुसल्या गेल्या की तो नंबर झाला. भिंतीकडेला जुना लाल ऑइलपेंटचा पट्टा होता, तो कोरडा घासलाच नाही, ओला करून खरवडला, रंगात शिसं असेल तर त्याची धूळ उडू नये म्हणून. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाखात 90 भाग) वर चालणार नाही हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि हा पट्टा माझ्या आठवणीच्याही आधीचा.

धुळीचं मात्र कुणीच सांगत नाही. सागाची धूळ घशात बसते, मास्क पाहिजेच, पण माडीचं खास दुखणं असं की ती फटींतून थेट खाली स्वयंपाकघरात गळते. आईने डबे, देव, मिक्सर सगळ्यावर जुन्या चादरी टाकल्या आणि तरी भाजीला सागवानाचा वास आहे असं सांगत राहिली. फटी भरून टाक म्हणे. मिस्त्रीपण तयारच, भुसा आणि फेव्हिकॉल कालवून. पण फळी लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, मार्चमध्ये गच्च भरलेली फट जुलैत फुगायला जागा देणार नाही आणि पुढच्या मे महिन्यात तो लगदा सुटून खालीच पडणार, बहुतेक आमटीत. तुटक्या जागा भरल्या, फटी तशाच ठेवल्या.

खरी पंचाईत कुठे थांबायचं याची होती. खिळ्यांभोवती काळे डाग, लोखंड आणि सागातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून होतात ते, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातात. दाराशी फळी पायांनी झिजून खोलगट झालेली. भिंतीशी समईचं तेल मुरलेला एक गोल. काका म्हणाले, पैसे घालतोयस तर नव्यासारखं कर. पण तो खोलगटपणा घालवायचा तर अख्खी खोली त्या पातळीला उतरवायला लागेल, म्हणजे एका उंबऱ्याच्या हट्टापायी चांगल्या लाकडाचा भुसा करायचा, आणि फळीची गेलेली जाडी परत येत नसते, पुढच्या पिढीला घासायला काही उरायला नको? तेलाचा डाग पॉलिश धरणार नाही म्हणून तेवढा काढला. बाकी ठेवलं. काका अजून ते काळे ठिपके पायाच्या अंगठ्याने दाखवतात.

पॉलिशवरूनही दोन पार्ट्या. मिस्त्रीचं म्हणणं मेलामाइन, म्हणजे चकचकीत थराचं पॉलिश मारू, तोंड दिसेल भाऊ. मला माडीत तोंड बघायचं नव्हतं, लग्नाच्या हॉलमध्ये झोपल्यासारखं वाटलं असतं, शिवाय त्याचा थर एका जागी उडाला की आजूबाजूचं सगळं परत घासा. बेलतेल लावलं, म्हणजे जवसाचंच, पातळ हात मारायचा, जादाचं पुसून घ्यायचं, वाळू द्यायचं, परत. जिथे झिजेल तिथे तेवढंच लावता येतं. फक्त ती तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, वाळताना आपोआप तापतात आणि पेटूही शकतात, गच्चीत दोरीवर पसरून टाकली.

ताजा घासलेला साग मात्र सुरुवातीला फार विचित्र दिसतो, हिरवट, तपकिरी, एक फळी एका रंगाची तर शेजारची भलत्याच. काकांना वाटलं मिस्त्रीने फळ्या बदलल्या. उजेड लागला की काही आठवड्यांत सगळं सोनेरी होत एकसारखं होतं, म्हणून तोवर खोली मोकळी ठेवायची असं मी सगळ्यांना बजावून ऑफिसला गेलो, आणि संध्याकाळी येऊन बघतो तर आईने लोखंडी ट्रंक आणून खिडकीखाली ठेवलेली, वर पापड वाळत घातलेले.