अकराच्या अकरा पॉझिटिव्ह

मे महिन्यात नागपुरातल्या रक्तपेढीचा फ्रिज अर्धा रिकामाच असतो. कॉलेजांना सुट्या, शिबिरं बंद, आणि ४५ अंशांत रक्त द्यायला बाहेर पडणार कोण? अशाच एका दुपारी धंतोलीतल्या आमच्या रक्तपेढीत फॉर्म आला: मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग), वय ६२, हिमोग्लोबिन ५.८, दोन बॅगा, तातडीने.

रक्तगट बी पॉझिटिव्ह, त्यात काही घोळ नव्हता. क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं रक्त दात्याच्या रक्ताशी जुळतं का ही चाचणी, लावला तर पहिली बॅग जुळेना. दुसरी नाही, तिसरीही नाही. जेल कार्डात रक्त जुळलं की पेशी सरळ तळाशी जाऊन बसतात. इथे त्या प्रत्येक नळीत खालच्या अर्ध्या भागात विखरून अडकलेल्या, फिकट, एक प्लस, म्हणजे कमजोर पॉझिटिव्ह. मग अकरा पेशींचं पॅनल लावलं: अकरा दात्यांच्या, आधीच तपासलेल्या लाल पेशी, रुग्णाची अँटिबॉडी कशाविरुद्ध आहे ते शोधायला. अकराच्या अकरा पॉझिटिव्ह. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींशी मात्र निगेटिव्ह.

फॉर्मवर औषधाचा रकाना कोरा होता. मी बाहेर गेले. वणीहून आलेला मुलगा कूलरसमोर फाइल मांडीवर घेऊन बसला होता.

‘भाऊ, बाबांना कोणतं इंजेक्शन चालू आहे?’

‘मुंबईले लावलं जी, हप्त्याहप्त्याले. लय महागाचं आहे. रक्त भेटन ना आज?’

फाइलमधल्या डिस्चार्ज कार्डावर नाव सापडलं: डाराट्युमुमॅब.

हे औषध म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेली अँटिबॉडी. मायलोमाच्या पेशींवर सीडी-३८ नावाचं प्रथिन भरपूर असतं, त्याला ती चिकटते आणि मग शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींवर तुटून पडते. २०१५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत तिला पहिली मंजुरी मिळाली. या औषधाने मायलोमाच्या रुग्णांचं आयुष्य वाढलं आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. पण सीडी-३८ थोडंसं लाल पेशींवरही असतं. आणि क्रॉसमॅच, पॅनल ज्यावर चालतात ती १९४५ पासून चालत आलेली आमची कूम्ब्स चाचणी लाल पेशींना चिकटलेली मानवी अँटिबॉडी शोधते. ती रुग्णाच्या शरीराने बनवली की सलाइनमधून आली, हे तिला कळत नाही. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत असं होऊ शकतं.

वॉर्डातून फोन आला, औषधामुळेच असेल तर बॅग सोडा की. जीव जात असेल तर तेही करतात, गट जुळवून क्रॉसमॅचशिवाय रक्त देतात. पण या रुग्णाला गेल्या वर्षी रक्त चढलेलं होतं. औषधाच्या त्या फिकट पॉझिटिव्हखाली रुग्णाची स्वतःची अँटिबॉडी दडली असली तर? डॉक्टरांशी बोलले, रुग्ण स्थिर होता, दोन-तीन तास मिळाले.

उपाय डीटीटी, म्हणजे डायथायोथ्रेटॉल. या रसायनाने सीडी-३८ मोडतं, मग औषधाला चिकटायला जागाच उरत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याला. पॅनलच्या पेशी त्यात मिसळून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवल्या, सलाइनने पुन्हा पुन्हा धुतल्या. डीटीटीने केल या आणखी एका रक्तगटाचे अँटिजेनही (लाल पेशींवरच्या खुणा) नष्ट होतात, म्हणून एक केल पॉझिटिव्ह पेशी सोबत लावली होती. ती निगेटिव्ह झाली, म्हणजे रसायनाने काम केलं.

पॅनल पुन्हा लावलं. बहुतेक नळ्या स्वच्छ झाल्या, पण काहींत पेशी अगदी वरच अडकलेल्या, ठसठशीत. तक्ता जुळवून पाहिला: पॉझिटिव्ह राहिलेल्या सगळ्या पेशी ई (इंग्रजी मोठा E) अँटिजेनवाल्या. रुग्णाच्या पेशींवर ई नव्हतं. ही ई-विरुद्धची अँटिबॉडी, अँटी-ई, औषधाची नव्हे, मागे चढवलेल्या रक्तामुळे रुग्णाच्या शरीरात तयार झालेली होती. ई असलेली बॅग गेली असती तर आठवडाभरात ही अँटिबॉडी त्या बॅगेतल्या लाल पेशी फोडत बसली असती. आणि डीटीटीने केल पुसलं गेल्यामुळे केलविरुद्धची अँटिबॉडी असली तरी दिसली नसती, म्हणून रक्त केल निगेटिव्हही हवं होतं.

आपल्याकडे बहुतेकांच्या रक्तात ई नसतं, केल पॉझिटिव्ह तर फारच कमी. तरी अर्ध्या रिकाम्या फ्रिजात दोन्ही नसलेल्या बी पॉझिटिव्ह बॅगा शोधताना जीव टांगणीला लागला. दोन मिळाल्या. डीटीटी केलेल्या पेशींवर क्रॉसमॅच जुळला आणि संध्याकाळी पहिली बॅग वॉर्डात गेली.

एवढा सगळा वेळ गेला तो एका कोऱ्या रकान्यापायी. पहिल्या डोसआधी रक्तपेढीला एक सॅम्पल पाठवलं, तर अँटिबॉडी तपासणी आणि ई, केल वगैरेंची सविस्तर गटतपासणी तेव्हाच होऊन जाते. खर्च त्या इंजेक्शनच्या मानाने काहीच नाही.

मुलाला मी एक कार्ड लिहून दिलं: बी पॉझिटिव्ह, अँटी-ई, डाराट्युमुमॅब सुरू, ई आणि केल निगेटिव्ह रक्त द्यावे.

‘पुढच्या टायमाले हेच दाखवू?’

‘हेच. कुठेही गेलात तरी आधी हे. आणि सॅम्पल एक दिवस अगोदर आणा.’